आयच्या हाताची हळद

पांढरे कांदे काढून झाले, त्यांच्या माळा दारोदार टांगल्या गेल्या, की रेवसच्या बाजूच्या आमच्या गावांत हळदींचे दिवस येतात. भात केव्हाच कापलेलं असतं. खाचरं कडक होऊन पडलेली असतात आणि त्यांतच मांडव उभे राहतात, कारण एवढी सपाट मोकळी जागा दुसरीकडे कुठे नाही. जमिनीतून वर आलेली भाताची खोडं पायांना टोचतात. त्यांवर जाजमं टाकतात, तरी टोचतात. मला हळद आधी तळपायाला आठवते, मग नाकाला, मग कानाला.

यंदाही मांडव पडले. दुपारी वाल सुकत घातले होते, त्यांचा कडसर वास अंगणात होता आणि लांबून कुठल्या तरी गावातून स्पीकर तपासल्याचा आवाज आला. हॅलो, हॅलो, चेक. तेवढ्यानेच मला दोन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवला. जानेवारी ते मे, पाच महिने. त्या पाच महिन्यांत रसिकाने आणि मी मिळून एक गाणं केलं. मी लिहिलं, तिने गायलं. ‘आयचा हात’. तुम्ही रायगडात एखाद्या हळदीला गेला असाल तर त्यावर नाचलाही असाल. कशाबद्दल आहे ते कळलं असेलच असं नाही.

रसिका आणि मी अलिबागला कॉलेजात एकत्र होतो. ती आगरी आळीतली, मी गावाच्या टोकाच्या बौद्धवाडीतली. कॉलेज संपल्यावर मी एका साप्ताहिकात लिहू लागले आणि ती हळदींमध्ये बँजो पार्टीबरोबर गाऊ लागली. तिच्या गळ्यात ते तिच्या आईकडून आलं होतं. तिची आई, हिराकाकी, धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात एकेका विधीला म्हणायची जुनी गाणी असतात, त्यांना धवले म्हणतात आणि ते म्हणणारी बाई धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. हिराकाकीला इतके धवले पाठ आहेत की आसपासच्या चार गावांत तिच्यासारखी दुसरी नाही.

रसिकाचे वडील न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे. ती दहावीत असताना ते गेले. त्यानंतरही काकीला बोलावणं येत राहिलं. पण नवरीला हळद लावायची वेळ आली की हळदीचं ताट बायकांमधून फिरायचं आणि काकीसमोरून तसंच पुढे जायचं. विधवेच्या हाताची हळद नवरीला लागू नये, म्हणून. काकी गात राहायची आणि ताट पुढे जायचं. तिचा आवाज चालत होता, हात चालत नव्हता.

मी हे कितीतरी वेळा पाहिलं असणार, पण दिसलं त्या जानेवारीत. एका हळदीत मी रसिकाच्या मागे बसले होते. ताट जवळ आलं तशी काकीने गाता गाताच आपली मांडी जराशी मागे घेतली, ताट नेणाऱ्या बाईच्या पायात येऊ नये म्हणून. एवढंच. त्या मांडी मागे घेण्याने माझं डोकं फिरलं. परतताना वाटभर मी बोलत होते. हे कोणी ठरवलं, कोणत्या कायद्यात बसतं, या बायका काय समजतात स्वतःला. रसिका चपला हातात घेऊन चालत होती.

‘‘तुला आज दिसलं?’’ ती म्हणाली. ‘‘मी सात वर्षं बघतेय.’’

‘‘मग बोललीस का नाहीस?’’

‘‘कोणाला बोलू? ताट नेणारी माझी चुलती असते.’’

मी म्हटलं, उद्याच लिहिते. ती हसली. ‘‘तू पत्रक काढशील, माहितीये मला. पत्रकात लोक भजी बांधून नेतात, प्रज्ञा. हळदीत गाणं वाजतं. गाणं लिही.’’

पत्रकांबद्दल ती बोलली ते खोटं नव्हतं. माझे पप्पा कारखान्यात ऑपरेटर होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. शाळेच्या गळक्या छपरावर, बंद केलेल्या एसटीच्या फेरीवर, दारूच्या गुत्त्यावर, स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेवर. आमच्या घरात खाऊ ठेवायच्या डब्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. मी वाचायला शिकले तेच ‘नागरिकांनो, जागे व्हा’ वरून. अलिबागच्या छापखान्यातून गठ्ठा आला की वरचं पत्रक मी नाकाला लावायचे, शाईचा तो ओला, रॉकेलसारखा वास. मग सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून पप्पांबरोबर वाटायला. पप्पा सांगायचे, पत्रकात तीन गोष्टी पाहिजेत. काय पाहिजे, कोणी करायचं, कधीपर्यंत. बाकी सगळा फापटपसारा. मी अजून तसंच लिहिते. प्रेमपत्र लिहायची वेळ आली तरी बहुधा तसंच लिहीन.

म्हणून गाण्याचा माझा पहिला मसुदा जसा व्हायचा तसाच झाला. रसिकाने तो वाचला आणि कागदाची मागची बाजू उलटून पाहिली.

‘‘काय शोधतेस?’’

‘‘शिक्का. ग्रामपंचायतीचा ठराव आहे ना हा?’’

पप्पांचा आक्षेप वेगळाच. ते व्हरांड्यात चष्मा पुसत बसले होते. ‘‘हळदीचं गाणं? आपल्यात हळद तरी लावतात का?’’

‘‘नाही. पण अन्याय आहे ना, पप्पा?’’

‘‘कोणावर?’’

‘‘हिराकाकीवर.’’

‘‘तिने सांगितलं?’’

मी कागद उचलून आत गेले. पप्पांनी पुन्हा विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं. निदान तीनदा.

स्टुडिओ उरणला होता. रेवसहून लाँचने खाडी ओलांडून करंजाला जायचं आणि पुढे रिक्षा. त्या महिन्यात आम्ही पाच-सहा वेळा गेलो असू. आज सगळ्या हंगामातलं मला काय परत हवं, असं कोणी विचारलं तर मी त्या लाँचच्या फेऱ्या मागेन. इंजिनाची धडधड, डिझेलचा धूर, रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणी, लांबवर बंदराच्या उंच क्रेन आणि त्यांच्या खाली खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे कंटेनर. रसिका कठड्याला टेकून आईच्या एका धवल्याची चाल गुणगुणत होती, शब्दांशिवाय. तिचे केस उडून माझ्या तोंडावर येत होते. त्या चालीवर मला एकदम ओळी सुचल्या आणि मी तिकिटाच्या मागे लिहून घेतल्या:

सारे गावाचे हात हलदीला,
माजे आयचा हात गो कशाला लांब?

रसिकाने त्या लगेच गाऊन पाहिल्या. समोरच्या कोळणीने मान वर केली.

‘‘कंचे पार्टीची गो तू, बाय?’’

‘‘पार्टीचा नाय मावशी, सवताचा गाना हाय.’’

‘‘नवऱ्यावर हाय का?’’

‘‘आयवर हाय.’’

‘‘आयवर?’’ मावशीने टोपली पायाने सरळ केली. ‘‘आयवर कोन नाचल?’’

आम्ही दोघी इतक्या हसलो की लाँचचा तांडेल वळून पाहू लागला.

स्टुडिओ म्हणजे एका इमारतीतली खोली, भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या. खालचा रस्ता बंदराकडे जाणारा, त्यामुळे ट्रेलरचे हॉर्न सतत. दिलीपदादूस तिथला सगळं काही: बँजो तोच, मिक्सिंग तोच, चहाही तोच सांगायचा. हॉर्न वाजला की तो हात वर करायचा, रसिका थांबायची, ट्रेलर गेला की हात खाली. तिच्या वडिलांच्या गाडीचा हॉर्नही असाच होता, ती मला हळूच म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी दादूसचा हात खाली आला आणि ती गायली. तो टेक शेवटी ठेवला. तुम्ही ऐकता तो तोच.

ठेक्यावरून मात्र आमचं भांडण झालं. मला गाणं संथ हवं होतं, शब्द ऐकू यावेत असं. दादूस म्हणाला, ‘‘विषय भारी हाय ताई, मी नाय बोलत नाय. पन ठेका ढिला झाला तं डीजेवाला वाजवनार नाय. आनि नाय वाजला तं तुजे विषयाचा लोनचा घाल.’’ रसिका त्याच्या बाजूने गेली. मी हरले, आणि आज सांगते, बरं झालं हरले. ते गाणं पायांतून शिरलं. फेब्रुवारीच्या शेवटी ते फोनवर आलं आणि मार्चमध्ये पेणपासून मुरुडपर्यंत एकही हळद त्याच्याशिवाय होईना. पोरं शर्टाची बटणं सोडून त्यावर नाचत होती. बायका गोल करून नाचत होत्या. आणि ज्यांच्याबद्दल ते होतं त्या बायका मागे, चुलीपाशी, कांदे चिरत बसलेल्या होत्या.

मला राग यायचा. मग एके दुपारी साप्ताहिकाच्या फोनवर एका बाईंचा फोन आला. नाव सांगितलं नाही. म्हणाल्या, ‘‘पुतनीची हलद होती. तुमचा गाना लागला. दर वेली मी हलद लावायचे टायमाला उठून मागे जातंय. काल नाय गेली. तिथंच बसून राहिली.’’ मी विचारलं, मग हळद लावलीत का? ‘‘नाय नाय,’’ त्या घाबरून म्हणाल्या. ‘‘नुसती बसली.’’ आणि फोन ठेवला. तो फोन मी अजून मनात जपून ठेवला आहे. माझ्या कोणत्याही पत्रकाने एका माणसाला असं जागेवर बसवलेलं नाही.

पण तेव्हा मला नुसतं बसणं पुरेसं वाटत नव्हतं. गाणं गाजलं तशी मला बोलावणी येऊ लागली. बचत गटाचा मेळावा, शाळेचं स्नेहसंमेलन, महिला दिन. आमच्या ग्रामपंचायतीने विधवांना हळदी-कुंकवाचा मान देण्याचा ठराव केला, सगळ्यांनी फोटो काढले. मी दर ठिकाणी माइक हातात घ्यायचे आणि बोलायचे. काय पाहिजे, कोणी करायचं, कधीपर्यंत. माइक हातात आला की माझा आवाज मलाच आवडू लागला होता.

हिराकाकीला आम्ही गाणं ऐकवलं तेव्हा ती अंगणात वालाच्या शेंगा फोडत बसली होती. तिने पूर्ण ऐकलं. शेंगा फोडायची थांबली नाही.

‘‘चाल माजी घेतलीस,’’ ती लेकीला म्हणाली.

‘‘आवडली नाय?’’

‘‘बरी हाय. जरा धावतं.’’

‘‘आणि शब्द, काकी?’’ मी विचारलं.

‘‘शब्द तुजे हायेत, बाय.’’

मला ते कौतुक वाटलं.

एप्रिलमध्ये रसिकाचं लग्न ठरलं. मुलगा मुरुडचा, नारळाच्या वाडीत त्यांचं चार खोल्यांचं लॉज. मुलगा चांगला, गाण्याला हरकत नाही म्हणणारा. हळद मेच्या पहिल्या आठवड्यात. आता तिच्या हळदीत तिची आई काय करणार, एवढंच माझ्यापुढे उरलं. गाणं ज्या पोरीने गायलं तिलाच जर आईच्या हाताची हळद लागली नाही, तर गाण्याला अर्थ काय? मी काकीच्या घरी फेऱ्या मारू लागले.

‘‘काकी, पहिली हळद तुमची ना?’’

ती पापड लाटत होती. ‘‘तुमच्यात हाय का हलद?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग तुना कशाला एवरी घाई?’’

‘‘काकी, तुमचा हक्क आहे तो.’’

‘‘हक हाय, नाय कुठं बोलतंय.’’ तिने पापड उचलून सुपावर टाकला. ‘‘उद्या पोरीला सासरी काय झाला, पाय घसरला, ताप आयला, तं सगले माजे हाताकडं बगतील. पोरगीच बगल. तिला नाय पटला तरी मनात येलच. मना त्याचा भेव वाटतं.’’

‘‘ती अंधश्रद्धा आहे, काकी.’’

‘‘असल. पोरगी माजी हाय. मी बगतंय काय करायचा ता.’’

मी बगतंय. मी ते शब्द टाळाटाळ म्हणून ऐकले. पत्रकं वाचून वाढलेल्या माणसाला स्पष्ट हो किंवा स्पष्ट नाही एवढंच ऐकू येतं.

रसिकाची हळद संध्याकाळी होती. ऊन उतरलं होतं, खाडीकडून वारा सुटला होता आणि मांडवाच्या झालरी फडफडत होत्या. मुरुडहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन सासरच्या बायका आल्या होत्या, हिरव्या साड्यांत, नीट ओळीत बसलेल्या. रसिका पाटावर, पिवळ्या साडीत, मला पाहून तिने डोळे मोठे केले. लाँचमध्ये करायची तशी. डीजे बंद होता, कारण हिराकाकी धवला म्हणत होती. आपल्याच पोरीचा धवला ती दुसऱ्या कोणाला म्हणू देणार नव्हती. पाटापासून हातभर अंतरावर बसली होती. हळदीचं ताट तिच्या आणि रसिकाच्या मधेच ठेवलेलं होतं. इतकं जवळ का, असा प्रश्न मला पडला नाही.

डीजेवाल्या पोराने मला ओळखलं. ‘‘ताई, गान्याच्या लेखिका ना तुमी? दोन शब्द बोला की.’’ आणि माइक पुढे केला.

मी घेतला.

मी म्हणाले, मित्रांनो, हे गाणं जिच्यावर लिहिलं ती आई आज इथे आहे. मी म्हणाले, आज आपण नुसतं नाचणार नाही, आज आपण करून दाखवणार. मी म्हणाले, या हिराकाकी, पहिली हळद तुमची. माझा आवाज त्या मोठ्या काळ्या स्पीकरमधून खाचरांवर पसरला आणि काकीचा धवला त्याखाली कुठे तरी दबून बंद पडला. बायकांमधून एक सूं असा आवाज आला, सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतल्यासारखा. मला वाटलं, हादरल्या. बरं झालं, हादरू देत. वीस-पंचवीस फोन वर उठले. सासरच्या हिरव्या साड्या एकमेकींकडे झुकल्या.

काकी फोनांकडे पाहत राहिली. मग तिने दोन्ही हात पदरात घेतले, उठली आणि मांडवाच्या मागे निघून गेली, जिथे भात शिजत होता. चुलती पुढे आली. तिने पहिली हळद लावली. रसिकाने डोळे मिटून घेतले होते, ते सगळी हळद होईपर्यंत उघडले नाहीत.

तो व्हिडिओ फिरला. गाण्यात मोठ्या गोष्टी, घरात आई पळाली, अशा ओळी त्याच्याखाली होत्या. त्यांचं मला फारसं काही वाटलं नाही. मला काकीचा राग आला होता, हे कबूल करायला हवं. मी पप्पांना म्हणाले, ज्यांच्यासाठी लढावं तेच उठत नाहीत. पप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर उचललं. त्यांच्याशीही मी दोन दिवस बोलले नाही.

रसिका भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. जाताना मला मिठी मारली, सगळ्यांना मारली तशीच. मुरुड काही परदेश नाही. एसटीने दुपारपर्यंत पोचता येतं. मी दोनदा गेले. नारळाच्या वाडीत खुर्च्या टाकून आम्ही बसलो, तिने कोकम सरबत दिलं, लॉजला येणाऱ्या पुण्याच्या लोकांच्या गमती सांगितल्या. दिलीपदादूसने दुसरं गाणं मागितलं होतं, ते तिने नाही म्हणून कळवलं होतं. का, असं मी विचारलं. ‘‘सुचत नाय गं,’’ ती म्हणाली. गाणी सुचायचं काम माझं होतं. आम्ही दोघींनी सरबत प्यायलं.

मग फोन कमी झाले. बाळाच्या बारशाचं बोलावणं आलं, पण ते गावातल्या सगळ्यांना आलं होतं. पुढच्या हंगामात गाणं पुन्हा गावागावांतून ऐकू यायचं, आणि रसिकाच्या आवाजात ती ओळ ऐकून मला त्या लाँचवर तोंडावर येणारे तिचे केस आठवायचे. लोक म्हणायचे, काय गाणं लिहिलंय. मी हो म्हणायचे.

यंदा रसिकाच्या धाकट्या भावाचं, नितेशचं लग्न. पत्रिका द्यायला काकी स्वतः आली. आईशी बोलली, पप्पांना पत्रिका दिली, मग माझ्याकडे वळली.

‘‘येशील ना?’’

‘‘बोलावताय?’’

‘‘मंग इथं काय कांदे विकाया आयली?’’ ती उठता उठता म्हणाली, ‘‘जिलेबी भरपूर सांगितलीय. एक तोंडात ठेव नि बस.’’

मी तसंच केलं. गेल्या रविवारी, संध्याकाळी, त्याच खाचरात. सगळ्यात मागे, खांबाला टेकून बसले. नितेश पाटावर, काकी त्याच्याजवळ, मध्ये ताट. डीजे बंद. काकीने धवला सुरू केला. आवाज पूर्वीपेक्षा थोडा जाड झाला आहे, पण अजून कुठेही तुटत नाही. बराच वेळ ती गात होती. आणि मग, गाता गाताच, कोणाकडेही न पाहता, तिने उजवा हात ताटात घातला, पिवळा केला आणि मुलाच्या गालाला लावला. मग दुसऱ्या गालाला. मग कपाळाला. गाणं चालूच होतं.

चुलती अर्धी उठली. शेजारच्या म्हातारीने तिचा पदर धरून खाली बसवलं. ‘‘थांब गो. धवला चालू हाय. मधी तोडला तं पोराला लागतं.’’

मी त्या म्हातारीकडे पाहत राहिले. हे मला ठाऊक नव्हतं. चालू धवला कोणी तोडायचा नसतो. तो पुरा होईपर्यंत धवलारणीला कोणी हात लावत नाही, अडवत नाही. विधवेच्या हातापेक्षाही तुटलेला धवला वाईट. काकीने एका भीतीला दुसऱ्या भीतीने गप्प बसवलं होतं. तिने धवला संपवला तेव्हा हळद लावून झाली होती आणि बोलायला कोणाकडे काही उरलं नव्हतं. चुलतीने मुकाट्याने ताट घेतलं आणि पुढची हळद लावली.

मी फोन काढला नाही. जिलेबी तोंडात तशीच होती.

मांडवाच्या मागे पाण्याची टाकी आहे. रसिका तिथे बाळाचे हात धूत होती. बाळाने कुठून तरी हळद मिळवून सगळीकडे फासली होती. मी जाऊन उभी राहिले.

‘‘बघितलंस?’’ ती म्हणाली.

‘‘बघितलं. रसिका, तिने तुझ्या वेळी का नाही असं...’’

तिने नळ बंद केला नाही. ‘‘माझ्या वेळी असंच करणार होती. आदल्या दिवशी मला न्हाणीत बोलवून सांगितलं होतं. धवला संपत आला की लावतंय, तू हालू नको, बोलली. मी हाललेच नाही बघ.’’

नळाचं पाणी खाचरात वाहून जात होतं.

‘‘मला का नाही सांगितलंस?’’

‘‘तुला?’’ ती थोडी हसली. ‘‘तू बॅनर लावला असतास.’’

तेही खरं होतं. मीही हसले असेन, मला आठवत नाही. मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, ‘‘माहितीये गं.’’ रागाने नाही. राग असता तर तो कधी तरी जाईल अशी वाट तरी पाहता आली असती. तिला फक्त ती हळद मिळाली नव्हती, आणि आता कोणालाही ती देता येणार नव्हती. दुसरी हळद नसते.

काकी हात धुवायला आली. तळवे पिवळेधमक. आम्हा दोघींना पाहून थांबली. मला तिची माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

‘‘काकी, त्या दिवशी मी माइक घेतला तेव्हा धवला किती राहिला होता?’’

तिने रसिकाकडे पाहिलं. मग ओठ हलवत मनातल्या मनात सुरुवातीपासून म्हणून पाहिला. बाळ तिच्या पिवळ्या हातांकडे झेपावत होतं.

‘‘दोन ओली,’’ ती म्हणाली. ‘‘दोनच राहिल्या होत्या.’’

आणि मग, तिथेच टाकीपाशी, पिवळे हात तसेच खाली सोडून, तिने त्या दोन ओळी म्हटल्या. पलीकडे डीजे सुरू झाला होता, त्यामुळे अगदी जवळ उभं राहिल्याशिवाय त्या ऐकू आल्या नसत्या. रसिका बाळाला कडेवर घेऊन उभी होती. तिने डोळे मिटले, आणि ओळी संपेपर्यंत ती हलली नाही.